इसार

आई गेली 2024 च्या मे महिन्यात. नागपूरच्या मे महिन्यात गेलेल्या माणसाला घरात फार वेळ ठेवता येत नाही. पहाटे पाचला गेली, संध्याकाळी साडेपाचला माती. मधल्या वेळात कायकाय लागेल ते पाळकसाहेब फोनवर सांगू लागले, तर भाऊ म्हणाला, "एक मिनिट साहेब, आधी पेटी उघडतो."

पेटी म्हणजे आईची लोखंडी ट्रंक. हिरवा रंग उडालेला, कडीला वडिलांच्या रेल्वेतल्या काळातलं पितळी कुलूप. आत काय आहे ते आम्हाला वीसेक वर्षं पाठ होतं, कारण दर ईस्टरला ती पेटी उघडून दाखवायची. लग्नघरात रुखवत दाखवतात ना, तशी. वर पांढरी साडी. तिच्यात घडी घातलेला ब्लाउज, जो ती दर दोन वर्षांनी उसवून पुन्हा शिवायची, कारण "माप बदलते ना माझं". खाली चार गीतांची यादी, चौथ्या गीतापुढे बारीक अक्षरात "ऊन असलं तर दोनच कडवी". मग एक पाकीट, खड्डा खणणाऱ्यांच्या मजुरीचं. पाकिटावरची रक्कम तीनदा खोडून वाढवलेली. सगळ्यात तळाशी तिचं जुनं पवित्र शास्त्र, पुठ्ठ्याला मेडिकलची पांढरी चिकटपट्टी लावलेलं. आई मिशन दवाखान्यात सिस्टर होती. तिच्या घरात तुटलेली प्रत्येक वस्तू त्या पट्टीनेच जोडली जायची.

मरणाची एवढी जय्यत तयारी करून बसलेली बाई म्हटली की डोळ्यासमोर कुणीतरी खिडकीत बसून वाट पाहणारं येतं. आई तशी नव्हती. 84 व्या वर्षी गल्लीतल्या नळाला पाणी येत नाही म्हणून ती रिक्षा करून महापालिकेच्या झोनमध्ये गेली आणि तिथल्या साहेबांना म्हणाली, "मी आज आहे, उद्या नाही. तुम्ही लवकर करा." पाणी आलं की नाही ते सोडा. (आलं, पण सात महिन्यांनी.) परसातल्या लिंबाला ती स्वतः आळं करायची. शेजारच्या पोराला दहावीचं विज्ञान शिकवायची, चुकीचं शिकवायची, आणि त्याला पास झालेला बघून स्वतःच पेढे वाटायची.

मला लहानपणापासून या दोन गोष्टींची सांगड घालता यायची नाही. एक तर तिकडे जायचंय म्हणा, नाहीतर इकडचं बघा. दोन्ही कसं?

*

मी अठ्ठावीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढली. त्यातली बरीचशी डेथ क्लेमच्या टेबलावर. नॉमिनी कोण, मृत्यूचा दाखला अस्सल आहे का, हप्ते थकले होते का, अर्जातलं वय आणि शाळेच्या दाखल्यातलं वय जुळतं का, हेच माझं काम. त्यामुळे एकदा बाहेरून आलेल्या एका प्रवचनकारांनी व्यासपीठावरून "स्वर्गाची आशा म्हणजे आत्म्याचा विमा" असं म्हटलं तेव्हा सगळी मंडळी माना डोलावत होती आणि मी एकटी चरफडत होते. विमा म्हणजे काय ते मला विचारा. विमा भीतीवर चालतो. तुम्ही भरता, भरत राहता, आणि जे मिळायचं ते तुम्ही नसताना दुसऱ्याला मिळतं. हप्ता चुकला की पॉलिसी बंद. स्वर्ग असा असेल तर तो चालवणाराही आमच्या ब्रँच मॅनेजरसारखाच असणार, आणि त्याच्याबरोबर अनंतकाळ घालवायची माझी तयारी नव्हती.

याच कचेरीत माझी एक मैत्रीण होती. डब्याची मैत्रीण म्हणावं अशी. अठ्ठावीस वर्षांत तिच्या हातची वांग्याची भाजी मी किती खाल्ली त्याचा हिशेब नाही. ती बौद्ध. तिचे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर त्या अथांग गर्दीत उभे होते, बाबासाहेबांच्या मागोमाग शब्द उच्चारत. एकदा आमच्याकडे कुणाचं तरी निधन झालं, मी सवयीनं "प्रभूजवळ गेले" म्हटलं, आणि ती डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "तुमचं बरं आहे गं. इथं सोसा, तिकडं मिळेल. आमच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या हेच सांगितलं. या जन्मी वाडा झाड, पुढच्या जन्मी बघू. आजोबा म्हणायचे, त्या दिवशी मी वर बघायचं सोडलं अन् समोर बघायला लागलो."

काय उत्तर देणार? खोटं काय होतं त्यात? अमेरिकेतल्या मळ्यांवर गुलामांना मालकांनी हाच स्वर्ग दाखवला होता. (त्याच गुलामांनी त्याच स्वर्गाची गाणी सुटकेची म्हणून गायली हे मला नंतर समजलं. पण ते त्यांचं कर्तृत्व, मालकांचं नव्हे.) रात्री मी आईला हे सांगितलं. मला वाटलं रागावेल. ती कुकरची शिट्टी मोजत होती. म्हणाली, "बरोबर म्हणते ते. शास्त्रात पण तेच आहे. कृत्यांचा पहिला अध्याय काढ."

तिथे असं आहे की प्रभू वर घेतला गेल्यावर शिष्य आभाळाकडे तोंड करून उभेच राहतात, आणि शुभ्र कपड्यातले दोन पुरुष येऊन त्यांना जवळजवळ हटकतात, की असे वर बघत काय उभे राहिलात. म्हणजे स्वर्गातून आलेला पहिला निरोप हाच, की वर बघत बसू नका. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी हे मैत्रिणीला सांगितलं. ती खूप हसली. म्हणाली, "मग त्या दोघांचं अन् आमच्या आजोबांचं चांगलं जमलं असतं."

*

वडील 1984 ला गेले. आई सेहेचाळीस वर्षांची, मी तेरा, भाऊ नऊ. वाडीकडे वडिलांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता, तो विकायचं आईनं ठरवलं. गिऱ्हाईक आलं कळमेश्वरकडचं, एक संत्र्याचे बागवाले. धोतर, टोपी, बोटांना संत्र्याच्या सालीचा वास. ते नोव्हेंबर 1985 मध्ये आमच्या ओसरीवर बसले आणि त्यांनी 1,001 रुपये इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दिला. वहीच्या पानावर इसारचिठ्ठी झाली, रेव्हेन्यू स्टॅम्प लागला, दोन साक्षीदारांच्या सह्या. बाकी रकमेचं ते म्हणाले, "मृगाचा माल निघाला का घेऊन येतो जी, बाई."

ज्यांना बागेचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी: संत्र्याला दोन बहार. आंबिया फुलतो जानेवारी-फेब्रुवारीत आणि फळ दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतं. मृग फुलतो पावसाच्या सुरुवातीला आणि माल निघतो पुढच्या फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे आम्हाला चार महिने थांबायचं होतं.

मामा आले, काका आले. सगळ्यांचं एकच: हा पैसा हलवू नको. रजिस्ट्री होईपर्यंत बांधून ठेव. माणूस फिरला तर? गारपीट झाली तर? आईनं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि तिसऱ्या दिवशी मला बर्डीवर नेऊन लेडीज सायकल घेतली. लाल. पुढे वेताची टोपली. उरलेल्या पैशात भावाची फी आणि एक गादी. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, इसार होता तो!"

आई म्हणाली, "मग? इसार खर्चाले असते. काहून ठेवू बांधून? माणूस खरा आहे."

त्या सायकलवर मी चार महिने शाळेत गेले, अजून विकल्या न गेलेल्या प्लॉटच्या पैशांवर. सदरच्या उतारावर पायडल सोडून द्यायचं आणि घंटी वाजवत जायचं. मार्चमध्ये ते गृहस्थ आले, बाकीची रक्कम कापडी पिशवीत घेऊन, वर दोन डझन संत्री. रजिस्ट्रीच्या कचेरीत आईनं सही केली आणि येताना मला म्हणाली, "पाहिलं?" बस, तेवढंच.

ती इसारचिठ्ठी पेटीतल्या शास्त्रात निघाली. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, अर्थात पांढऱ्या पट्टीनं जोडलेली. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात ठेवलेली होती, आणि चौदाव्या वचनातल्या एका शब्दाखाली लाल पेन्सिलीची रेघ. शब्द होता 'विसार'.

आमच्याकडे बोलताना इसार, शास्त्रात विसार. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की देवाचा आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे. मूळ ग्रीक शब्द 'अराबोन', आणि तो ग्रीकांचाही नाही. पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांबरोबर तो तिकडे गेला. उत्पत्तीच्या 38 व्या अध्यायात तामार यहूदाकडून करडू मिळेपर्यंत त्याची मुद्रा, गोफ आणि काठी ठेवून घेते, तिथे हिब्रूत हाच शब्द आहे. आजच्या ग्रीक भाषेत त्याच शब्दाचं रूप साखरपुड्याला वापरतात. बाजारातला शब्द, चावडीवरचा शब्द. पौलानं तो स्वर्गाला लावला आणि आपल्या भाषांतरकारांनी त्याला नेमका मराठी जोड दिला, याचं मला फार कौतुक वाटतं.

विमा आणि विसार यांत फरक हा की विम्यात तुम्ही भरता आणि विसार समोरचा तुमच्या हातावर ठेवतो. तो नुसता पुरावा नसतो, मूळ रकमेतलाच भाग असतो. पुढे जे चलन मिळणार, तेच चलन. आणि तो खर्च करता येतो.

आई तेच करत होती, इतकी वर्षं, आमच्यासमोर. मला पत्ता नव्हता.

माझ्या काकूचं उदाहरण. घराच्या वाटणीवरून आई आणि काकू सतरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. एका मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये, एका बाकाच्या मागेपुढे बसून. 2003 च्या नाताळला आई करंज्यांचा डबा घेऊन सरळ काकूच्या घरी गेली. आम्ही सगळे गार. संध्याकाळी विचारलं, तर म्हणाली, "वर तिच्या शेजारीच बसवलं तर? तिथं काय तोंड फिरवून बसू? जे तिथं करावंच लागते, ते इथंच करून टाकलं." काकूनं त्या दिवशी डबा रिकामा परत पाठवला नाही. त्यात चिवडा होता. फार खारट, आई म्हणायची. पण संपवला.

*

स्वर्गाबद्दलच्या चित्रांशी मात्र आईचं भांडण होतं. आमच्या मराठी गाण्यांत स्वर्गाला माहेर म्हणतात. ते आलं वारकऱ्यांकडून. पंढरपूर माहेर, विठोबा मायबाप, तीच भाषा नारायण वामन टिळकांनी आमच्या उपासनेत आणली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. टिळकांचं नागपूरशी नातंही गमतीचं आहे: 1893 मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते, डब्यात एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आईला टिळक प्रिय, पण माहेर नामंजूर. "माहेरी गेलेली बाई चार दिवस पाय पसरून बसते. मले काम नसलं तर मी नाही येत." मी तिला प्रकटीकरणाचा, म्हणजे शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकाचा, शेवटचा अध्याय दाखवला, तिथे देवाचे दास त्याची सेवा करतील असं आहे. ते वाचून तिला हायसं वाटलं.

सोन्याचे रस्ते, मोत्यांच्या वेशी यांवर तासभर बोलणारे उपदेशक ती सहन करायची, पण एक गोष्ट त्यांनी गाळली की घरी येऊन बडबडायची. त्या पुस्तकात माणसं उडून वर जात नाहीत. नगर खाली उतरतं. बारा वेशी, आणि त्या दिवसा कधीच बंद होत नाहीत. मंदिर नाही. झाडाची पानं राष्ट्रांच्या औषधासाठी. सिस्टरला पानं औषधाची आहेत हे महत्त्वाचं वाटणारच.

आणि तिला एक दिवस आठवायचा: 29 नोव्हेंबर 1970. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. सदरला ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या, म्हणजे सहा वेगवेगळी चर्चेस, एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, आपली सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), झाली. हे नागपुरात झालं, ही गोष्ट नागपूरकरांनाच माहीत नसते. आई अँग्लिकन घरची, वडील स्कॉटिश मिशनच्या वळणाचे. लग्नाला दोन वर्षं झाली होती तरी प्रभुभोजनाला दोघं दोन दारांनी जायचे. मी पोटात होते. त्या दिवसानंतर दोघांनी एकाच प्याल्यातून घेतलं. पुढे त्या मंडळीत भांडणं झाली, मालमत्तेचे खटले झाले, आईला सगळं माहीत होतं. तरी ती म्हणायची, "तो इसार होता. बाकी यायचं आहे."

*

माती दिल्यानंतरच्या शनिवारी भाऊ आणि मी काटोल रोडनं जुनापाणीला गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. घरात बसवत नव्हतं. तिथे दगडांची वर्तुळं आहेत, 300 च्या आसपास, माळावर पसरलेली. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या दफनाच्या जागा. विदर्भात अशी ठिकाणं पुष्कळ. माहुरझरीच्या खोदकामात तर मेलेल्यांसोबत घोडे आणि घोड्यांच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने निघाले. इथलं जे चांगलं, ते तिकडे द्यायचं, ही त्यांची माया. उन्हानं दगड इतके तापले होते की हात लावता येईना. भाऊ म्हणाला, "आईनं बरोबर काहीच नेलं नाही." खरंच. पेटी रिकामी करून ती साडीनिशी गेली. चष्मासुद्धा आम्ही ठेवून घेतला.

अशीच वर्तुळं उकरायला टाकळघाटला गेले होते स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे. 1845 ला नागपुरात आलेला हा स्कॉटिश मिशनरी. स्वर्गावर पूर्ण भरवसा असलेला माणूस, आणि फावल्या वेळात काय करायचा? टाकळीच्या खडकांतले शंखशिंपल्यांचे जीवाश्म वेचायचा, गोंडांच्या भाषेतले शब्द टिपायचा, त्यांची लिंगोची गाथा लिहून घ्यायचा. ते कागद त्यांच्या मागे 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते. ज्याला दुसऱ्या देशाची ओढ आहे तो या देशातल्या एका गोगलगायीच्या जीवाश्मासाठी उन्हात तासन् तास का बसेल, हा प्रश्न मला कॉलेजात पडला होता. आता पडत नाही.

हे सगळं लिहिताना मी फार भरवशाची वाटत असेन. नाही. कबरीपाशी पहिलं गीत सुरू झालं तेव्हा माझा आवाज फुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिच्या यादीतली चारही गीतं मंडळीनं म्हटली, मी फक्त मातीकडे बघत होते. कोरडी, ढेकळांची, मे महिन्यातली माती, शवपेटीवर पडताना दगडासारखी वाजणारी. सगळं कळूनही ती रक्कम खरंच येणार आहे का, असं मनात आलं. ऊन होतं, पण चौथ्या गीताची दोन नाही, पाचही कडवी म्हटली त्यांनी. काकू सगळ्यांत मोठ्यानं गात होती.

आईची हिशेबाची वही माझ्याकडे आली. रोज रात्री झोपण्याआधी ती देणी लिहायची आणि जमतील ती दुसऱ्याच दिवशी चुकती करायची. इस्त्रीवाला, पेपरवाला, भांडीवाली, सगळ्यांपुढे बरोबरची खूण. फक्त दूधवाल्यापुढे खूण नव्हती, काहीतरी गिचमीड होतं. मी बाहेर जाऊन त्याला विचारलं, किती द्यायचे? तो म्हणाला, "कायचे जी? सिस्टरबाईंनी ह्या महिन्याचे पहिल्या तारखेलेच देऊन ठेवले. मी आणून देत राहीन 31 पर्यंत."

आणि तो आणत राहिला. रोज सकाळी साडेसहाला अर्धा लिटर. भेटायला येणाऱ्यांचा चहा आईच्याच दुधाचा होत होता. मैत्रीण आली तेव्हा तिला हे सांगितलं; तिनं कप तोंडाशी नेला, थांबली, आणि मग पूर्ण प्यायली.

31 तारखेचं दूध त्या उकाड्यात गॅसवर चढवताच फाटलं. भाऊ म्हणाला, ओतून दे. मी साखर घातली, वेलची कुटली, आणि मंद आचेवर ढवळत बसले.